भट्टी सोडण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकांकिकेला बक्षीस मिळालं आणि त्याच रात्री मंडळातल्या पोरांनी तुला ‘खारीवाला’ म्हणून हाक मारली. तेव्हापासून वडिलांच्या बेकरीत जायची लाज वाटते, बेकरी सोडावीशी वाटते, म्हणतोस. चाळीस वर्षं मी भट्टीसमोर काढली आहेत. तुझं कुठे दुखतंय ते मला कळतं, म्हणून एका माणसाची हकिकत लिहितो.

सॅम्युएल बर्च. जन्म १७५७, लंडनचा. वडील ल्यूकस बर्च यांचं कॉर्नहिलवर, १५ नंबरला, पेस्ट्रीचं दुकान होतं. शाळा आटोपल्यावर पोरानं वडिलांच्याच हाताखाली उमेदवारी केली. त्या काळचा पेस्ट्रीवाला नुसता गोडाचा धनी नव्हता. मांस भरलेले पॅटिस, मेजवान्यांची मोठमोठी ताटं, सगळं त्याच्याकडचं. या दुकानाचं नाव तर कासवाच्या सुपासाठी गाजलं. अशी समुद्री कासवं वेस्ट इंडीजहून जहाजातून जिवंत आणत. साखरही तिकडूनच यायची, गुलामांनी राबून पिकवलेल्या उसाची. त्या शतकातल्या मिठाईविषयी बोलताना हे गाळायला माझं मन धजत नाही.

तर हा बर्च फावल्या वेळात पुस्तकं वाचायचा, आणि १७७८च्या हिवाळ्यात कॉर्नहिलवरच्याच एका वादसभेत पहिल्यांदा बोलायला उभा राहिला. दुकानापासून हाकेच्या अंतरावर! पुढे १७८१मध्ये नगरसभेत निवडून गेला. नाटकंही लिहिली. ‘द अ‍ॅडॉप्टेड चाइल्ड’ हे त्याचं नाटक १७९५मध्ये ड्रुरी लेनच्या रंगभूमीवर आलं, संगीत थॉमस अ‍ॅटवुडचं. फ्रान्सशी युद्धाच्या दिवसांत त्यानं नागरिकांची स्वयंसेवक पलटण उभारायची सूचना मांडली. आधी कुणी ऐकलं नाही. नंतर तशाच एका पलटणीचं नेतृत्व त्याच्याकडे आलं.

लोक त्याला ‘मिस्टर पॅटीपॅन’ म्हणायचे. पॅटीपॅन म्हणजे पॅटिस भाजायचा छोटा साचा. तुझ्या ‘खारीवाल्या’चाच सख्खा भाऊ, बघ. आणि तरी १८१४च्या नोव्हेंबरात तो लंडनचा लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर, झाला, तेव्हाही कॉर्नहिलचं दुकान त्याचंच होतं. पुढच्याच वर्षी परदेशी गहू अडवणारा, म्हणजे पाव महाग करणारा कायदा आला. या मेयरनं त्याला उघड विरोध केला. आयुष्यभर पीठ विकत घेणाऱ्याला गव्हाच्या भावाचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही, असं मला वाटतं.

त्याचं सगळंच उचलू नकोस. कॅथलिकांना समान हक्क देण्याच्या अर्जाविरुद्ध तो बोलला होता, ते मला मुळीच पटत नाही.

आता तुझ्यापुरतं. खारीच्या कणकेला तू घडी घालतोस, लाटतोस, पुन्हा थंड व्हायला ठेवतोस. घाई केलीस तर लोणी बाहेर येतं आणि पापुद्रे सुटत नाहीत. दोन घड्यांमधला तो अर्धा तास तुझा आहे. वही तिथे घेऊन जा. तुझ्या एकांकिकेत सगळ्यात जिवंत काय होतं सांगू? पहाटे उधारीवर पाव मागणारी ती म्हातारी. ती तुला मंडळाच्या तालमीत भेटली नव्हती. बाकीची पात्रं मला ऐकीव वाटली, हेही सांगून टाकतो.

वडिलांना अजून काही बोलला नसशील तर चार महिने थांब. त्यांच्याकडून हिशेबाची वही शिकून घे. मैद्याचा भाव, वाया गेलेला माल, कुणाची उधारी किती दिवसांची. मग निर्णय घे. सोडायची ठरलीच तर सोड, मी तुझ्या बाजूनं त्यांच्याशी बोलेन. पण हाक मारणाऱ्यांच्या भीतीनं सोडू नकोस.

बर्चनं दुकान विकलं ते १८३६मध्ये, ऐंशीच्या घरात आल्यावर. नव्या मालकांनी पाटीवरचं त्याचं नाव तसंच राहू दिलं. त्या दुकानाची दर्शनी बाजू आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

रविवारी ये. वही आण, आणि तुझ्या हातची खारीही. वडिलांना नमस्कार सांग.