परदेशातला संसार : काय न्यावं, काय तिथे घ्यावं

प्रश्न : मुलगा आणि सून सप्टेंबरात जर्मनीला, श्टुटगार्टला चालले आहेत. मुलगा अंबडच्या कारखान्यात आहे, तिथे तीन वर्षांसाठी पाठवताहेत. मला वाटतं मिक्सर, कुकर, भांडी इथूनच द्यावीत. आमचा शिसवी पलंगही पाठवायची तयारी आहे. मुलगा म्हणतो, सगळं तिथे नवीन घेऊ. पैसे कशावर घालावेत आणि कशावर नाही?
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, मी त्याच शहरात नऊ वर्षं संसार केला आणि आता कॉलेज रोडला राहते, त्यामुळे तुमचं पत्र दोनदा वाचलं. पलंगाचं आधी सांगते, कारण तुमचा जीव त्यात दिसतो. तो पाठवू नका. हिवाळ्यात तिथे घर सतत तापवलेलं असतं, आतली हवा कोरडी पडते आणि आपल्या हवेत मुरलेलं लाकूड तडकतं. शिवाय जुन्या इमारतींचे जिने अरुंद. पोरं सुट्टीत घरी येतील तेव्हा त्याच पलंगावर झोपू द्या.

तिथे भाड्याचं घर बहुधा रिकामंच मिळतं. माझ्या पहिल्या घरात छतातून नुसत्या तारा लोंबत होत्या आणि स्वयंपाकघरात ओटासुद्धा नव्हता, भिंतीत फक्त पाण्याची दोन तोंडं. जाणारा भाडेकरू आपली कपाटं, सिंक, शेगडी, फ्रीज असं सगळं स्वयंपाकघर पुष्कळदा येणाऱ्याला विकतो. तीन वर्षांसाठी तेच घ्यावं. नवीन बसवायचं तर शेगडीची जोडणी बहुधा थ्री-फेज असते, इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो, आणि घर सोडताना सगळं काढून न्यायचं किंवा गिऱ्हाईक शोधायचं आपल्यावरच येतं. मुलाला सांगा, एकेका वस्तूची यादी लिहून घे, फ्रीजच्या दाराचं रबर बघ, शेगडीचा प्रत्येक बर्नर लावून बघ, मग किंमत बोल.

शेगडी कोणती आहे ते कळेपर्यंत भांडी घेऊ नका. मी निघाले तेव्हा आईनं भांडी बाजारातून पितळी पातेली घेतली, कल्हई करून दिली. काचेखाली नुसती तार तापते त्या शेगडीवर सपाट बुडाची ती पातेली चालली असती. आमची निघाली इंडक्शनची. तिच्यावर पितळ, तांबं, साधं अॅल्युमिनियम तापतच नाही. आईची पातेली नऊ वर्षं कपाटावर राहिली, आणि दर दिवाळीला ती चिंचेनं घासताना मला वाईट वाटायचं. म्हणून फ्रीजवरचं एखादं लोहचुंबक घेऊन बाजारात जा. बुडाला घट्ट चिकटलं तरच भांडं घ्या. कुकर इंडक्शन बुडाचा घ्या, तो दोन्ही शेगड्यांवर चालतो. सोबत दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह द्या. तवा सपाट हवा; गोल बुडाची कढई नेऊच नये.

मिक्सर मात्र इथूनच द्या, यात मला तिळमात्र शंका नाही. तिथला ब्लेंडर सूप करतो, फळं फिरवतो, पण काळ्या मसाल्यासाठी भाजलेलं सुकं खोबरं आणि धणे घातले की पात्याभोवती पोकळी होते आणि वरचं खोबरं तसंच राहतं. दाण्याच्या कुटाचीही तीच गत. वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. फक्त पिन वेगळी, तिला अर्थिंग असलेला ॲडॉप्टर लागतो. एक जादा कपलर आणि भांड्यांचे वॉशर पिशवीत टाका. सूनबाईंना सांगा, रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर लावायचा नाही. शेजारी ते मनावर घेतात.

नवीन घ्यायच्या दोनच गोष्टी. पहिली गादी. दुसरी वॉशिंग मशीन, कारण ती रोज चालते आणि नव्या वस्तूवर दुकानदाराची दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. खाजगी माणसाकडून जुनी घेतली तर तो बहुधा ही जबाबदारी नाकारतो. विजेच्या लेबलवर मार्च 2021 पासून सरळ A ते G अशी नवी मांडणी आली आहे. जुन्या मशीनवरचं A+++ बघून ती नव्या C पेक्षा चांगली असं समजू नका, त्या दोन मोजपट्ट्याच वेगळ्या.

आणि हे मुलाला नक्की वाचून दाखवा. मशीन घरी आली त्या दिवशी आम्ही हौसेनं लगेच कपडे टाकले. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून मागच्या बाजूनं मोठे बोल्ट आवळलेले असतात, ते काढायचे राहून गेले. पिळायची वेळ आली तशी मशीन थडथडत बाथरूमच्या दारापर्यंत आली, नळी सुटली, पाणी झालं. खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या आणि मला त्यांच्या भाषेत माफीपलीकडे काही बोलता येईना. मला रडूच आलं. आजींनी पुसायला फडकी आणली आणि पाना कुठे लावायचा तेही बोटानं दाखवलं. ते बोल्ट डब्यात जपून ठेवायचे, घर बदलताना पुन्हा लावावे लागतात.

टेबल, खुर्च्या, कपाट सगळं वापरलेलं घ्यावं. भुशाच्या दाबलेल्या फळीचं कपाट एकदा उकललं की स्क्रूची भोकं सैल होतात, म्हणून शक्यतो पाइनचं बघावं. बाहेरच्या भिंतीला ते टेकवून ठेवू नये, बोटभर तरी जागा सोडावी, नाहीतर थंडीत मागे बुरशी धरते.

प्रश्न : मास्टर्ससाठी अमेरिकेत, डॅलसला चाललो आहे. ताईनं 750 वॅटचा मिक्सर घेऊन ठेवलाय. नेऊ का?
— विद्यार्थी, सिडको, नाशिक

उत्तर : नको रे. तिथे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ. तुझा मिक्सर चालवायला काही किलोंचा ट्रान्सफॉर्मर लागेल, तो बॅगेत नेण्यापेक्षा तेवढ्या वजनाचं तिखट आणि मसाले ने. 110 व्होल्टवर चालणारे आपल्या पद्धतीचे मिक्सर तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात, दोघा-तिघांत मिळून एक घ्या. अपार्टमेंटमध्ये शेगडी असतेच, फ्रीजही बहुतेक ठिकाणी असतो, घर ठरवताना तेवढं विचारून घे. लॅपटॉपच्या चार्जरवर 100-240 छापलेलं असेल तर नुसती पिन बदलून भागेल. इस्त्री इथेच ठेव.