शून्य लिहायला लाजू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी गेल्या वर्षीची वही वाचली. तीन आठवड्यांत सात नोंदी, आणि शेवटी वैतागून लिहिलेलं एक वाक्य: ‘सोलापुरात शरद येतच नाही, पावसाळ्यानंतर थेट ऑक्टोबर हीट.’ खाली कुठल्याशा थंड देशातल्या बंदराचा फोटो चिकटवलायस. धक्क्याला होड्या, मागे लाल-पिवळी झाडं.

अगं, ते हिप्परग्याच्या तळ्याच्या बांधावर कसं दिसेल? तिकडे दिवस आखडला आणि गारठा पडला की पानं हिरवा रंग सोडतात. आपली पानगळ शिशिरात, फेब्रुवारी-मार्चला, जमिनीतलं पाणी ओसरल्यावर. सप्टेंबरात आपला माळ वर्षभरातला सगळ्यात हिरवा असतो. आपल्याकडे हा ऋतू एकेक गोष्ट काढून घेत बदलतो. चातक ओरडायचा थांबतो. बेडूक गप्प होतात. पश्चिमेचा वारा पडतो. बरणीतलं मीठ पाणी सोडत नाही. काळ्या रानात पायाला चिखल चिकटेनासा झाला की शेतकरी वाफसा आला म्हणतो आणि तिफण काढतो. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, आणि तीही एका ‘नाही’वरूनच ठरते. म्हणून ‘नाही’ लिहायला शीक. तुझ्या सात नोंदींत एकही ‘नाही’ नाही.

रोजच्या पानावर तीन खुणा पुरेत. दिसलं तर बरोबरची खूण. गेले, वीस मिनिटं बघितलं, नव्हतं, तर शून्य. गेलेच नाही किंवा बघताच आलं नाही, तर आडवी रेघ. शून्य आणि रेघ यांत गल्लत झाली की वही रद्दीत घालायची. माझ्या जुन्या वह्यांत रिकाम्या चौकटी आहेत. त्या दिवशी पक्षी नव्हता की मीच नव्हतो, हे आज मलाही सांगता येत नाही. त्याची भरपाई होत नाही. आता मी शून्यांची रांग लावतो तेव्हा लोक हसतात. हसू देत.

चातकाचंच घे. तू ‘२० सप्टेंबर, चातक’ असं लिहिलंस. पुढचं पान ४ ऑक्टोबरचं, त्यात चातकाचं नावच नाही. मग तो गेला कधी? मधल्या चौदा दिवसांत कधीही, आणि ४ तारखेला तू शोधलास की नाही हेही कळत नाही. एक दिवसाआड जाऊन शून्य लिहीत गेली असतीस तर फरक दोन दिवसांवर आला असता. शेवटचा दिवस आपोआप कळत नाही, पुढची शून्यं त्याला शेवटचा ठरवतात. त्याचे रकानेही दोन कर, ‘ऐकला’ आणि ‘दिसला’. ओरडणं आधी थांबतं. सातभाईंच्या घरट्यात वाढलेली त्याची पिल्लं मागे मुकाट्याने उरतात. आवाज बंद म्हणजे पक्षी गेला, असं धरलंस तर चुकशील.

येणाऱ्या पक्ष्यांचंही तेच. ‘पहिला धोबी’ म्हणायचं असेल तर आधीची सलग शून्यं दाखव, नाहीतर तो फक्त तुझा पहिला. आणि धोबी नीट ओळख. तळ्याकाठी बारमाही राहणारा मोठा काळा-पांढरा धोबी असतो, त्याचं डोकं काळं आणि डोळ्यावर पांढरी भुवई. हिवाळ्यापुरता येणाऱ्या पांढऱ्या धोब्याचं कपाळ आणि तोंड पांढरं. दरवर्षी कुणीतरी पहिल्याला दुसरा समजून पाहुणे आल्याचं जाहीर करतं. पळसमैना, म्हणजे आपल्या भोरड्या, मात्र थव्यानेच येतात, तिथे घोटाळा नाही. नान्नजच्या माळावर गवतालगत तरंगणारा भोवत्या, तो शिकारी पक्षी, दिसला तर नर-मादी ठरवायच्या फंदात या वर्षी पडू नकोस.

पावसाबद्दल तू लिहिलंस ते ऐकीव आहे. सप्टेंबरात दुपारी तापतं, चार-पाचला काळं भरून येतं, कडकडाट होतो, तासाभरात ओढे वाहतात, आणि सगळे म्हणतात परतीचा पाऊस. सप्टेंबर हा सोलापूरचा भर पावसाचा महिना आहे! मोसमी पावसाची माघार राजस्थानातून सुरू व्हायची सरासरी तारीखच १७ सप्टेंबर. आपल्यापर्यंत यायला ऑक्टोबर उजाडतो. ती माघार ठरवताना हवामान खातंसुद्धा पाच कोरड्या दिवसांबरोबर दीड किलोमीटर उंचीवरचा वारा आणि हवेतला ओलावा बघतं. तू मात्र पाच दिवस कोरडे गेले की पावसाळा संपवून टाकतेस. ऑगस्टात पाऊस पंधरवडाभर ओढ देतो, तेव्हाही संपवशील?

सरळ कडांचा डबा घे. बादली नको, ती वर रुंद असते आणि आकडा फुगतो. भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर डबा ठेव. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोज आणि रिकामा कर; दोन दिवस राहिला तर उन्हाने पाणी उडतं. कोरडा असेल तर शून्य. पुन्हा सांगतो, रिकामी चौकट नको.

वारा रोज दुपारी चारला, गच्चीवर, उदबत्तीच्या धुराने बघ. टाकीच्या आडोशाला धूर गरगरतो, तिथे उभी राहू नकोस. वारा कुठून येतो ते लिहायचं; ‘पूर्वेकडे वाहतो’ असं लिहिलंस की वही उलटी झाली. सप्टेंबरातला पश्चिमेचा वारा ऑक्टोबरात पडतो आणि मग ईशान्येकडून, पूर्वेकडून झुळूक सुरू होते. मधले काही दिवस धूर सरळ वर जातो. मला सगळ्यात जास्त हवे आहेत ते हेच दिवस, आणि नेमके तेच तू ‘विशेष काही नाही’ म्हणून सोडलेस.

ऋतू दिसत नाही म्हणतेस ना, मग संध्याकाळी बघ. १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात सोलापूरचा सूर्योदय जेमतेम बारा-तेरा मिनिटं उशिरावर जातो, सूर्यास्त मात्र सहा चाळीसवरून पाच पंचावन्नवर, पाऊण तास अलीकडे येतो. तू रोज सकाळीच जातेस. दिसणार काय?

नोंदीला घटस्थापना, कोजागरी असं लिहू नकोस. तिथी दरवर्षी अकरा-एक दिवस मागे येते आणि अधिक मासात एकदम पुढे उडी मारते. इंग्रजी तारीख लिही. शेतकरी ‘हस्त लागला’ म्हणाला तर ते चालेल. ते सूर्याचं नक्षत्र, २७ सप्टेंबरच्या आसपासच लागतं. कोजागरीच्या आधी तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी हिप्परग्याचा रस्ता भरलेला असतो. त्या दिवसांत बांधावर जाणं जमणार नाही, तेव्हा रेघ मार.

माळावर घोळक्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर आहेत, त्यांचीही शून्यं ठेव. ऑक्टोबरपासून हेच चतुर मालदीवच्या बेटांवर उतरतात. तिथे पिल्लं वाढायला गोडं पाणी जवळजवळ नाही. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं त्यांच्या येण्याच्या तारखा लिहिल्या आणि २००९ मध्ये मांडलं की हे भारतातून निघून समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात. आधीच्या महिन्यांत ते तिथे नसतात हे लिहिलेलं नसतं, तर ‘आले’ या शब्दाला काय किंमत होती?

आता लगेच करायचं काम. एक मीटरची काठी गच्चीवर उभी कर, ओळंब्याने सरळ. गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, म्हणून खाली फळी टाकून पाणसळीने सपाट करून घे. २३ सप्टेंबरला बारा ते बारा चाळीस, दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खुणव. टोक सेंटीमीटरभर पुसट असतं, त्याचा मध्य धर. सगळ्यात आखूड सावली बारा एकोणीसच्या सुमारास, साधारण ३२ सेंटीमीटर यायला हवी. ३१ ऑक्टोबरला तीच बारा दहाला, ६२. पाच-सहा सेंटीमीटरचा फरक आला तर सूर्याला बोल लावू नकोस, ओळंबा तपास.

आणि २३ ला ढग असले, तर शून्य नाही. रेघ.