फ्रँकिंग आणि फिरंगी

भाडेकरारावर बँकेतून ‘फ्रँकिंग’, म्हणजे शुल्क भरल्याचा यंत्राने मारलेला ठसा, करून आणायला सांगतात, त्याला मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न आला आहे. ‘मुद्रांकन’ म्हणा, काम भागेल. पण प्रश्नकर्त्याने सोबत एक ऐकीव माहितीही जोडली आहे: फ्रँक नावाच्या साहेबाने ते यंत्र शोधलं, म्हणून फ्रँकिंग. हे ऐकून ऐकून कान किटले! यंत्र ब्रिटनच्या टपालात आलं १९२२ साली. शब्द त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून वापरात होता, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता चक्क ‘फुकट’.

फ्रँक या जर्मानिक टोळ्यांनी गॉल प्रांत जिंकला. तिथे पूर्ण स्वतंत्र माणूस म्हणजे फ्रँकच, म्हणून लॅटिनमध्ये ‘फ्रांकुस’ म्हणजे मुक्त. त्याच टोळीचं नाव अरबी-फारसीतून ‘फरंग’ होऊन आपल्याकडे आलं, तो आपला फिरंगी. म्हणजे गोव्याचा पोर्तुगीज, मराठ्यांच्या हातातली सरळ पात्याची फिरंग, ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथातला फिरंगरोग (उपदंश) आणि तुमच्या भाडेकरारावरचा ठसा, सगळे एकाच गोत्रातले!

ब्रिटनमध्ये खासदाराने पाकिटावर सही केली की पत्र बिनपैशात जाई. ती सही म्हणजे फ्रँक. १७६४च्या कायद्याने वर्तमानपत्रांनाही ही सवलत मिळाली. मग काय, लंडनचे विक्रेते वेष्टणावर कुणा खासदाराचं नाव घालून गठ्ठेच्या गठ्ठे गावोगाव धाडू लागले. १८२५पासून तेही नाव लागेनासं झालं. मात्र १७१२पासून वर्तमानपत्राच्या प्रतीवर मुद्रांक कर होता. १८१५मध्ये तो चार पेन्सवर चढला, १८३६मध्ये एका पेनीवर उतरला. कर भरल्याचा ठसा असलेला अंक टपालातून फुकट.

यंत्रामुळे शब्दाचा अर्थ ‘फुकट’वरून ‘पैसे भरलेले’ असा उलटला, असं काही जाणकार सांगतात. मला साफ अमान्य. माझा तर्क असा, की अर्थ फिरवला तो या वर्तमानपत्रांनी. वाचक टपालाचा एक छदाम देत नव्हता, पण अंकाच्या किमतीतून कर भरत होता. आता हा अंक फुकट गेला म्हणायचा की पैसे भरून? १० जानेवारी १८४०ला खासदारांची फुकट सही बंद झाली, वर्तमानपत्रं मात्र ठशावर जातच राहिली. यंत्र बिचारं फार उशिरा आलं.

लोकही बेरकी. पत्र महाग, वर्तमानपत्र फुकट. तेव्हा जुन्या अंकातल्या हव्या त्या अक्षरांखाली टाचणीने भोकं पाडायची. टोचलेली अक्षरं ओळीने जुळवली की निरोप पूर्ण! म्हणून नियम आले: वेष्टणाची दोन्ही टोकं उघडी हवीत, नाव-पत्त्यापलीकडे काही लिहायचं नाही.

१८५५मध्ये कराची सक्ती गेली. टपालाने पाठवायचा असेल तर ठसा घ्यावा, नाहीतर नको. १ ऑक्टोबर १८७०पासून वर्तमानपत्रांसाठी टपालाचा अर्ध्या पेनीचा दर आला, पण टपाल खात्यात ‘वर्तमानपत्र’ म्हणून नोंद असेल तरच. आणि नोंदीसाठी दोन अंकांत सात दिवसांहून जास्त अंतर चालत नसे. मासिकवाले बाहेर. मासिक म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, एवढं त्या खात्याला तेव्हाच कळत होतं. आपल्याकडे अजून ‘मासिक वृत्तपत्र’ लिहिणारे आहेत, त्यांचा समाचार पुन्हा कधीतरी.