कळवळा 'करता' येतो का?

कॅम्पातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "मातृदिनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी 'आईचा कळवळा' यावर संदेश दिला. घरी आल्यावर लेक म्हणाली, कळवळा म्हणजे दयाच ना? मग आई मुलांवर दया करते का? मला नीट सांगता आलं नाही. आणि शुभेच्छापत्रावर 'तुझ्या कळवळ्यासाठी' असं लिहिलं तर चालेल का?"

लेकीला खटकलं ते अगदी योग्य. दया येते, तशी करताही येते. आणि करता येते म्हणजे नाकारताही येते. कळवळा मात्र कुणी 'करत' नाही. तो येतो, वाटतो, असतो. 'आई कळवळा करते' असं मराठी माणूस म्हणणार नाही. 'आईला कळवळा येतो' असंच म्हणेल. 'कळवळा दाखवला' म्हटलं, की लगेच खोटेपणाचा वास येतो, तोही यामुळेच.

आता क्रियापद बघा. पोर भुकेनं कळवळतं, पोटदुखीनं कळवळतं. आणि ते पाहून आईचाही जीव कळवळतो. ज्याला दुखतं त्याला आणि ज्याला ते बघवत नाही त्याला, दोघांनाही आपल्या भाषेनं एकच शब्द दिला. दया शब्दात हे नाही. तिथे देणारा कोरडा राहू शकतो.

मत्तयाच्या १५व्या अध्यायातली कनानी बाई आठवा. भूतबाधेनं जर्जर आहे तिची मुलगी, पण ही बाई येशूला ओरडून म्हणते 'माझ्यावर दया करा', आणि पुढे 'मला साहाय्य करा'. मुलीवर नव्हे, माझ्यावर! आधी उत्तरच मिळत नाही, शिष्य तिला घालवून द्या म्हणतात, तरी ती हटत नाही. मागते ती दया. पण तिला तिथे उभी ठेवतो तो कळवळा.

शुभवर्तमानात नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा तिरडीवर असतो. तिला पाहून येशूला काय होतं, ते सांगताना मराठी बायबलनं हाच शब्द घेतला. मूळ ग्रीक क्रियापद 'आतडी' या अर्थाच्या शब्दावरून बनलेलं आहे. आतडं तुटतं, पोटात कालवतं, असं आपण म्हणतोच की! यशयाच्या ४९व्या अध्यायात देव विचारतो, आई तान्ह्याला विसरेल का? ती विसरली तरी मी विसरणार नाही. तिथलं करुणेचं हिब्रू क्रियापद आणि गर्भाशयाचा शब्द एकाच धातूचे.

आणि भाषांतरकारांना शब्द शोधायला लांब जायची गरज नव्हती. देहूच्या तुकोबांनी 'लेकुराचे हित । वाहे माउलीचे चित्त' म्हणून लगेच पुढे 'ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभेविण प्रीती' असं म्हटलेलं होतं. बायबलमधली 'प्रीती'सुद्धा त्याच ओळीत बसली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, ते मला ही ओळ वाचताना नेहमी पटतं.

'येतो' आणि 'असतो' यांतला फरक लेकीला जरूर सांगा. रस्त्यावरचं दुःख पाहून कळवळा येतो, घटकाभरानं ओसरतोही. आईला तो असतो. संत मोनिका आपल्या भरकटलेल्या मुलासाठी, ऑगस्टिनसाठी, वर्षानुवर्षं रडली, आफ्रिकेतून समुद्र ओलांडून त्याच्यामागे मिलानला गेली. ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ती वारली.

मी पुण्यात पंचहौदाजवळच्या वाड्यात वाढले. शेजारच्या मावशींचा मुलगा दारूपायी घर सोडून गेलेला. रात्री त्या दोन भाकरी फडक्यात गुंडाळून ताटाखाली झाकायच्या, दाराची कडी काढून ठेवायच्या आणि खाटेशी गुडघे टेकायच्या. सकाळी त्याच भाकरी कुस्करून चहासोबत स्वतः खायच्या. आई एकदा त्यांना म्हणाली, "अहो, किती दिवस करणार असं?" मावशी म्हणाल्या, "मी कुठं काय करते? मला राहवत नाही." 'मी' नाही, 'मला'. कळवळ्याचं व्याकरण मला त्या वाक्यात कळलं.

शुभेच्छापत्राचं म्हणाल, तर सामान्यरूप 'कळवळ्या-' असंच होतं, त्यामुळे 'तुझ्या कळवळ्यासाठी' बिनचूक आहे. फक्त पुढे 'आभार' लिहू नका, ताई. तिनं काही केलेलं नाही, तिला राहवलेलं नाही. नुसतं 'आई, तुझ्या कळवळ्याला' एवढं लिहा आणि खाली लेकीला सही करू द्या.