माणूस स्वतःच्या कष्टाने श्रीमंत झाला असेल तर तो समाजाचं काय देणं लागतो?

तुम्ही विचारलंय की सगळं स्वतःच्या हिमतीवर कमावलं तर समाजाचं देणं कसलं, आणि खाली लिहिलंय की तरी मुलीच्या वाढदिवसाला एका वसतिगृहात वह्या वाटायच्या आहेत.

देणं लागतो असं मला मनापासून वाटतं. मी माहीमला राहते, एलजे रोडवर, एलजे म्हणजे लेडी जमशेदजी, सर जमशेदजी जीजीभाय यांच्या पत्नी अवाबाई. पूर्वी माहीम आणि वांद्र्याच्या मधे खाडी होती, पलीकडे जायचं तर होडी, आणि पावसाळ्यात तर जिवाशीच खेळ. कंपनी सरकार खर्चाला तयार नव्हतं तेव्हा बाईंनी 1 लाख 57 हजार रुपये दिले आणि 1845 मधे माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरचा रस्ता, झाला. अट एवढीच, की टोल घ्यायचा नाही. मला त्या रकमेपेक्षा ही अट मोठी वाटते, कारण टोपली घेऊन जाणाऱ्या कोळणीला तिथून जाताना कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत.

आता हा पैसा आला कुठून, तर चीनबरोबरच्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून. जमशेदजी लहानपणीच पोरके झाले होते, कष्ट त्यांनी केलेच, पण त्या अफूपायी चीनमधली किती घरं बसली असतील त्याचा हिशोब कुठे आहे? म्हणून "स्वतःच्या हिमतीवर" हे मला अर्धंच खरं वाटतं.

माझे वडील गिरणी कामगार. 1982 च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, आणि त्या गिरणीच्या जागेवर आज टॉवर उभा आहे, तिथले फ्लॅट कोटींच्या खाली नाहीत. दहावीला मला चांगले मार्क पडले म्हणून एका ट्रस्टने चेक दिला, पण त्याआधी स्टेजवर बोलावून माईकवर सांगायला लावलं की वडील काय करतात. मी सांगितलं, घरीच असतात. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. बाबा शेवटच्या रांगेत बसले होते, घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या पैशातून अकरावीची पुस्तकं आली हे खरंय पण तो फोटो आईने कधीच भिंतीवर लावला नाही.

2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करावे लागतात, ते ठीकच आहे. पण वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवरचा कर आपण 1985 मधे काढून टाकला तो परत यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे, करातून शाळा दवाखाने झाले की तिथे हक्काने जाता येतं, कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत.

वह्या जरूर द्या. फक्त आदल्या दिवशी वॉर्डनकडे नेऊन ठेवा, मुलांना रांगेत उभं करू नका, आणि मोबाईल खिशातच राहू द्या.