आइस फिशिंगच्या (गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासेमारी) तंबूत भोकातला बर्फाचा लगदा काढायला कोणतं साधन घ्यावं? घरचा झारा चालेल का?

तुम्ही मिनेसोटात 8 इंची ऑगर (बर्फाला भोक पाडायचं मोठं गिरमिट) वापरता आणि तंबूत लगदाच लगदा होतो, असं लिहिलंय. पुरीचा झारा एक-दोन भोकांपुरता चालतो. पण त्याची छिद्रं बारीक असतात. उणे 10 अंशांत ती गोठून बुजली की झाऱ्याची पळी होते.

स्किमर, म्हणजे या कामाचा खास झारा घ्या, तोही धातूचा. 8 इंची भोकाला 5-6 इंच रुंदीचा, थोडा खोलगट, पेन्सिल जाईल एवढ्या छिद्रांचा. दांडा इतका लांब हवा की खुर्चीतून उठावं लागू नये. प्लास्टिकला बर्फ कमी चिकटतो हे खरं, पण कडाक्याच्या थंडीत तो झाडायला आपटलं की ते तडकतं. शिवाय धातूच्या कडेने भोकाची भिंत खरवडता येते आणि वर धरलेली पातळ साय फोडता येते.

मात्र निम्मं काम झाऱ्याच्या आधीच व्हायला हवं. 18 इंच जाड बर्फात 8 इंची भोक पाडलं की सुमारे 15 लिटर बर्फ निघतो, आणि किसल्यावर तो आणखी फुगतो. एवढा माल झाऱ्याने उपसत बसू नका. तंबू टाकायच्या आधीच भोकं पाडा. ऑगर आरपार गेला की फिरता ठेवूनच झपकन वर ओढा. पाण्याबरोबर बराचसा लगदा बाहेर येतो. तो फावड्याने लांब सारा आणि मग वर तंबू उभारा.

तंबू आधीच उभा असेल तर उलट करायचं: ऑगर बंद करून सावकाश वर काढा आणि लगदा झाऱ्याने 20 लिटरच्या बादलीत टाका. जमिनीवर झटकलेला लगदा रात्रीपर्यंत दगड होतो, त्यावर खुर्चीही सरळ बसत नाही.

उपसण्याआधी गळाची दोरी आणि सोनारची (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) वायर वर घ्या, झाऱ्याची कड लागून कापली जाते. झारा आधी भिंतीलगत गोल फिरवा, मग तिरपा खाली घालून लगद्याखाली आडवा करा आणि हळू उचला. पाणी भोकातच निथळू द्या. दोन मिनिटांनी खालच्या काठाला अडकलेला चुरा वर येतो, तेव्हा झारा पुन्हा एकदा फिरवा.

इलेक्ट्रिक ऑगर उलटा फिरवून लगदा खाली ढकलायची युक्ती बरेच जण सांगतात. मला ती पटत नाही. बर्फ तरंगणारच, थोड्या वेळाने तो पुन्हा भोकात येतो आणि तोवर सोनारच्या पडद्यावर वरच्या भागात कचरा दिसत राहतो.

आणि भोकातून पाणी आपणहून वर येऊन पसरत असेल, तर कुठलाच झारा कामाचा नाही. 12 इंच बर्फाचा जेमतेम 1 इंच पाण्यावर असतो. वर भुसभुशीत बर्फाचा जाड थर साचला की त्या वजनाने खालची लादी दबते आणि भोक मिळताच पाणी उसळतं. अशा वेळी वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ उडालेली जागा शोधा. तिथे आधी जाडी मोजा: चालायला निदान 4 इंच, तेही स्वच्छ, पारदर्शक बर्फ असेल तर. पांढरा, दुधाळ बर्फ असेल तर दुप्पट धरा.