रिसायकलिंग केल्याने सगळ्याच वस्तूंमध्ये सारखी ऊर्जा वाचते का?

नाही, अजिबात सारखी नाही. ॲल्युमिनियम या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे. बॉक्साइट या खनिजापासून ते काढायचं तर आधी अल्युमिना (ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचं संयुग) वेगळं करायचं, मग सुमारे ९५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारात विरघळवून त्यातून विजेचा प्रचंड प्रवाह सोडायचा. ऑक्सिजनला धातूपासून तोडण्यातच खरी वीज खर्ची पडते. जुना डबा वितळवताना ही तोडाफोड आधीच झालेली असते. फक्त ६६० अंशांच्या वर तापवलं की काम भागतं. म्हणून जवळपास ९५ टक्के ऊर्जा वाचते.

काचेचं तसं नाही. ती कितीही वेळा वितळवता येते हे खरं, पण भट्टी दोन्ही वेळेला पेटवावीच लागते, त्यामुळे बचत बेताचीच. बाटली धुऊन पुन्हा भरणं बऱ्याचदा जास्त शहाणपणाचं (अर्थात ती फार लांबून आणायची नसेल तर). याला पुनर्वापर म्हणतात, पुनर्चक्रण (म्हणजे रिसायकलिंग) नव्हे. परीक्षेत हा घोळ हमखास होतो.

कागदाचे तंतू दर फेरीला आखूड होतात, साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर निकामी.

आणि प्लास्टिक? वेगवेगळ्या जातींचं प्लास्टिक एकत्र वितळवलं की नीट मिसळत नाही, शिवाय उष्णतेने त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचंच पुनर्चक्रण झालं होतं. डब्यावरचं बाणांचं त्रिकोणी चिन्ह फक्त प्लास्टिकची जात सांगतं, त्याचं पुढे काय होणार ते नाही.